डब्यातला पोळा

"त्याला..." म्हणले डॉक्टर, अन् अडकले. त्याला काय? मला एवढंच सांगा, पुढचा शब्द काय व्हता? तुम्हाला सांगतो, अख्ख्या गावाला इचारलं म्या. सिस्टरला इचारलं, रामरावाला इचारलं, राजूरला मोबाईलच्या दुकानात गेल्तो, त्याला म्हणलं, तू डिलीट झालेले फोटो मागून काढतोस, तसं अडकलेलं वाक्य मागून निघतं का? तो म्हणला न्हाई निघत, दुसरं काही काम हाय का, कव्हर बिव्हर. कव्हर! माझा भाऊ मेला अन् हा मला कव्हर दाखवून राह्यला, ते बी मोराच्या पिसाचं.

डॉक्टरचं तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, बोट वर केलेलं, अन् बरोबर नाकावर ते नेट अडकल्यावरचं गोल फिरून राह्यलं. खाली मातीत माझा दादा पडलेला, वर टॅबमधी डॉक्टर बोट वर करून बसलेला, अन् मधी आम्ही सगळे त्या बोटाकडं बघत. जसं काही पाऊस कोणीकडून येतो ते सांगणार हाय.

आता तुम्ही म्हणताल, नेट हाय बाबा, अडकतं. अडकतं न्हाई हो, अडकवतात. नंबर लावून अडकवतात. अन् नंबर लावला कोणी? माझ्याच दादानं. थांबा, पहिल्यापासून सांगतो, मधी बोलू नका. मला मधी बोललं का डोकं फिरतं. आठवीत गुरुजी मधी बोलले, तवा जो उठलो तो अजून शाळेत गेलो न्हाई.

माझा दादा बद्रीनाथ, गावचा नेटवाला. ग्रामपंचायतीच्या खोलीत त्यानं एक डबा बसवला. चपटा, काळा, समोरून भोकंच भोकं, प्रत्येक भोकावर हिरवी लाईट लुकलुक करती. ह्याला स्विच म्हणतात म्हणला. लोकं बघायला आले, बटन कुठंय इचारून गेले. मी दादाच्या हाताखाली, माझं काम शिडी धरायचं. पण दादा मला सगळं सांगायचा, मला कळो न कळो. म्हणला, आदिनाथ, घरोघरच्या वायरी ह्या डब्यात येतात, पण डब्यातून बाहेर जायला वायर एकच. आपल्या गावात गल्ल्या लय अन् वेस एकच, तसं. सगळी बैलं एकदम वेशीत घुसली तर काय होतं? म्या म्हणलं, शिंगाला शिंग. बराबर, म्हणला, म्हणून डब्याला आधीच सांगून ठेवायचं, पहिलं कोणाला सोड, मागून कोणाला सोड. चित्राचे, आवाजाचे बारीक बारीक तुकडे होतात, तुकड्यावर त्याचा नंबर असतो, डबा नंबर बघतो. वरचा नंबर आला का खालच्यानं उभं राहायचं. अन् उभं राहायला जागा थोडीच असती, ती भरली का मागचा तुकडा डबा टाकून देतो.

म्या म्हणलं, टाकतो म्हणजे कुठं टाकतो?

दादा हसला. कुठं न्हाई रे, म्हणला, टाकला म्हणजे गेला.

अन् वरून तोटी. एखादा लय ओढायला लागला का त्याच्या भोकाला आतून तोटी बसवायची. ठरलं तेवढंच सोडायचं, बाकीचं सांडून द्यायचं. दिसायला काही दिसत न्हाई, लाईट हिरवीच राहती. तोटीवाल्याला बी वाटतं आपलं बराबर चालू हाय, आपलंच नशीब खराब.

तर दादानं पहिल्यांदा पहिला नंबर लावला दवाखान्याला. दवाखाना म्हणजे आमचं उपकेंद्र, दोन खोल्या, एक वजनकाटा अन् सुरेखा सिस्टर. डॉक्टर तिथं नसतात, डॉक्टर टॅबमधी असतात. सिस्टर टॅब पेशंटसमोर धरती, डॉक्टर तिकडून जीभ बघतात, डोळा बघतात, सांगतात काय करायचं ते. दादा म्हणला, बोलणाऱ्याचं चित्र थांबून चालत न्हाई, त्याला पहिलं सोडायचं. बाकीचे सिनेमे बघतात, थांबले तर थांबले.

चांगलं चालल्तं. कोणाला काही कळलं न्हाई. पण दादाच्या पोटात काही राहायचं न्हाई ना! एक दिवस पारावर चहा पिता पिता म्हणून गेला, आपल्या गावात नेटचा पहिला नंबर दवाखान्याचा हाय. अन् तिथं बसल्ता रामराव.

आता रामराव कोण, तर पोळ्यातलं दोन नंबरचं घर. आमच्याकडं पोळ्याला वेशीत तोरण बांधतात, अन् मानाचा पहिला बैल अण्णासाहेबाचा. त्यानं तोरण तोडल्याबिगर दुसऱ्याचं जनावर पुढं सरकत न्हाई. त्याच्या मागं रामराव, त्याच्या मागं बाकीचे, ज्याचं त्याचं ठरलेलं. आता अण्णासाहेबानं बैल कवाच विकले, ट्रॅक्टर घेतला. मंग पोळ्याला ट्रॅक्टरवर झूल टाकतो, बोनटला बाशिंग बांधतो, अन् ट्रॅक्टर पहिला काढतो. खरेखुरे बैल मागं धूर खात उभे. कोणी हसत न्हाई. एकदा मी हसलो व्हतो, मायनं तिथंच कानाखाली दिली. आमच्या घरी बैल न्हाई, ट्रॅक्टर न्हाई, म्हणून आम्ही रांगेतच न्हाई, आम्ही हलगी वाजली का नाचायचं.

रामराव उठला तो थेट अण्णासाहेबाच्या घरी. पारावर बैठक बसली. रामरावाचा आवाज असा, कोंबडी खुडूक बसल्यासारखा. म्हणला, "काहो अण्णासाहेब, दवाखान्याचा बैल कोणता? म्या तर बघितला न्हाई कवा."

सगळे हसले. दादा बी हसला.

अण्णासाहेब हसले न्हाई. ते रांजणात तोंड घालून बोलल्यासारखे बोलतात, हळू. म्हणले, "बद्री, मला काही नको बाबा. मला ते नेट वापरता बी येत न्हाई. पण जो क्रम बापजाद्यापासून चालत आला, तो तू डब्यात मोडलास."

अन् सगळे दादाकडं असे बघायला लागले, का यानं मारुतीला शेंदराऐवजी चुना लावला. आता माझ्या दादाची एक खोड, त्याला न्हाई म्हणताच यायचं न्हाई. दुकानात गेला का दुकानदार दाखवील तो शर्ट घेऊन यायचा, दंड मावत न्हाई तरी. तो म्हणला, बदलून देतो की, तेवढ्यानं कोण मरतं?

माझ्यासमोर म्हणला. ह्या कानांनी ऐकलं.

अन् दिला बदलून. पोळ्याची रांग जशीच्या तशी डब्यात उभी केली. एक नंबर अण्णासाहेब, दोन नंबर रामराव, मंग बाकीचे मानाप्रमाणे, मंग आम्ही, अन् शेपटाला दवाखाना, कारण दवाखान्याला बाप न्हाई ना बैल. वरून रामराव म्हणला, ती सिस्टर दुपारी टॅबवर सिरियली बघत बसती, तिला तोटी लाव. सिस्टर कशाला बघती, तिच्या टॅबचा आवाज कान लावून ऐकावा लागायचा. पण लागली तोटी. दादा घरी येताना मला म्हणला, गप राह्य, गावात राहायचंय आपल्याला.

अन् गंमत बघा, कोणाला काही फरकच पडला न्हाई. अण्णासाहेबाकडं नेट वापरतं कोण? ते अन् त्यांची बायको उषाबाई. उषाबाई सरपंच हायेत, सही त्यांची, अन् पंचायतीची चावी अण्णासाहेबाच्या खिशात. दोघं बी रात्रीचं जेवण झालं का झोपतात. पहिला नंबर दिवसभर मोकळाच. पहिलाच वापरंना तर मागच्यांना वाट रिकामी, दवाखान्याचं बी आपलं तोटीतून थेंब थेंब चालल्तं. दादा म्हणायचा, बघ, मान त्यांचा अन् नेट सगळ्यांचं.

नंबर म्हणजे काय, हे कळायला अण्णासाहेबाची एकसष्टी यावी लागली.

गूळतुला व्हती. तराजूच्या एका पारड्यात अण्णासाहेब, दुसऱ्यात गुळाच्या भेल्या, काटा बराबर झाला का तो गूळ गावाला वाटायचा. ल्योक कॅनडात, त्याला सुट्टी न्हाई, म्हणून त्याला लाईव्ह दाखवायचं. तेवढ्यासाठी कॅमेरे, मंडपात भिंतीएवढा पडदा, अन् जेवढे पाव्हणे तेवढे मोबाईल, सगळे अण्णासाहेबाच्या वायफायवर, म्हणजे त्या दिवशी आल्यागेल्याचा एक नंबर.

अन् सकाळीच मंडपवाल्याच्या टेम्पोनं खांबावरून अण्णासाहेबाकडं जाणारी वायर तोडली. दादाला बोलावणं आलं, जल्दी कर, भटजी थांबलेत. मला खुर्च्या मांडायला लावलं. शिडी मंडपवाल्याची, एक पाय आखूड, धरायला कोणी न्हाई. दादा चढला, वायर जोडली, तसा मंडपातल्या पडद्यावर अण्णासाहेबाचा चेहरा भक्कन उजळला, अन् लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांत दादा खाली आला. जोडूनच पडला बरं का, काम अर्धं टाकायची सवयच नव्हती त्याला. टाळ्या त्याला आपल्यासाठीच वाटल्या असतील.

खांब नेमका उपकेंद्रासमोरचा. लोकं म्हणले, नशीब बघा, पडला तो बी दवाखान्याच्या दारात.

मी खुर्ची टाकून पळत आलो. दादा उताणा, डोळे उघडे. मला म्हणला, चित्र आलं का रे तिकडं? म्या म्हणलं आलं. म्हणला, मंग झालं. अन् जरा थांबून म्हणला, "आदिनाथ, पाय कुठं गेले रे माझे?" म्या म्हणलं, हायेत की, एक चप्पल बी हाय. तर हसला.

सिस्टर बाहेर आली, म्हणली, कोणी हात लावू नका. रामराव तिथंच, म्हणला, बाई, तुम्ही डॉक्टर हाव का? डॉक्टरला इचारा, डॉक्टर म्हणतील तसं करू. म्हणजे सिस्टरच्या बोलण्याला बी नंबर शेवटचा. तिनं टॅब आणला, अँब्युलन्सला फोन लावला, ती निघाली म्हणले, अन् इकडं डॉक्टर लागले. लागले म्हणजे तुकड्या तुकड्यानं. आधी चष्मा आला, मंग चष्म्यामागं डोळे आले, तोंड आलंच न्हाई. सिस्टर ओरडून सांगती, खांबावरून पडलाय, पाय हलत न्हाईत. मंग तोंड आलं, बोट वर झालं, डॉक्टर म्हणले, "त्याला..."

अन् गोल गोल.

तुम्हाला सांगतो, रिकामं वाक्य गावाला मिळू नये. पडीक जमिनीसारखं, जो तो आपला नांगर घालतो. एक म्हणला, त्याला पाणी पाजा. एक म्हणला, त्याला कांदा हुंगवा. मंडपवाला म्हणला, त्याला शिडी दिली कोणी? पुंजाराम म्हातारा म्हणला, त्याला झोपू देऊ नका, बोलत ठेवा, अन् स्वतःच दादाच्या उशाला बसून स्वतःच्या लग्नातलं भांडण सांगायला लागला. दादा हुं हुं करून राह्यला. मरायला टेकलेल्या माणसाला बी पुंजारामला न्हाई म्हणता येईना.

मला एवढं कळलं, वेशीत ट्रॅक्टर अडकलाय. तो काढला का डॉक्टर बोलतील. पंचायतीकडं पळालो, कुलूप. चावी कुठं, अण्णासाहेबाच्या खिशात. अण्णासाहेब कुठं, तराजूत.

मंडपात गेलो तर अण्णासाहेब पारड्यात मांडी घालून लटकलेले, अन् गूळ कमी पडला. रामरावाची जीप राजूरला गूळ आणायला गेल्ती. सनई चालू. पडद्यावर एवढं साफ चित्र, अण्णासाहेबाच्या कानातले केस मोजून घ्यावेत, अन् तिकडं माझ्या डॉक्टरला तोंड मिटता येईना.

म्या म्हणलं, चावी द्या, दादा पडलाय, मला तुमची वायर उपटायचीय. अण्णासाहेबाच्या डोळ्यात खरंच पाणी आलं, खोटं कशाला बोलू, हात खिशाकडं गेला बी. तेवढ्यात भटजी म्हणले, "अहो, काय करता? चावी काढली म्हणजे वजन बदललं. बसलात तसंच बसायचं."

म्या म्हणलं, चावीचं वजन ते काय?

"प्रश्न वजनाचा नाही, विधीचा आहे."

मंग तराजू कशाला आणला? झोपाळा टांगायचा! पण माझं कोण ऐकतं, मी खुर्च्या मांडणारा. अण्णासाहेबानं हात खिशावरून काढून मांडीवर ठेवला अन् हळूच, त्या रांजणातल्या आवाजात म्हणले, "गूळ येऊच राह्यलाय बाबा. दोन मिनिटं. तेवढ्यानं कोण मरतं?"

कॅनडात ऐकू गेलं ते. एकदम साफ. मागून त्यांच्या ल्योकाचा फोन बी आल्ता, कोण मुलगा व्हता तो, मधी मधी कॅमेऱ्यासमोर येत व्हता.

परत पळालो. तर गूळ घेऊन आलेली जीप माझ्याआधी उपकेंद्रासमोर पोचलेली. अर्धा गूळ मंडपात उतरवला, अर्धा मागच्या सीटवरच, लागला तर असावा म्हणून. अन् रामरावानं वाक्य पूर्ण करून टाकल्तं. म्हणला, डॉक्टर म्हणले 'त्याला', म्हणजे 'त्याला घेऊन या', दुसरं काय म्हणणार? अँब्युलन्सची वाट कुठं बघता, चला. मी पोचलो तवा चौघांनी दादाला उचलून पुढच्या सीटवर बसवल्तं. ताठ. मागं आडवा टाकायला जागा न्हाई, मागं गूळ. वर सीटबेल्ट लावला. आमच्या गावात सीटबेल्ट लावलेला पहिला माणूस माझा दादा. सिस्टर जीपच्या आडवी उभी, टॅब असा पुढं धरून, जसा काही आतला डॉक्टर बोटानं जीप थांबवणार हाय. रामरावानं हॉर्न दिला. मी मागं भेल्यांवर बसलो.

जालन्याच्या रस्त्याला लागलो. दादा बोलत व्हता. म्हणला, शिडी मंडपवाल्याची हाय, देऊन ये. म्हणला, शालूला सांगू नको, ती घाबरती. शालू म्हणजे माझी वहिनी. मंग एक गतिरोधक आला, रंग न मारलेला. जीप उडाली. त्याच्यापुढं दादा काही बोलला न्हाई. म्या म्हणलं, दादा, त्याला काय? त्याला काय म्हणले असतील डॉक्टर?

जालन्याच्या दवाखान्यात मोठे डॉक्टर आले, दादाचे डोळे बघितले, आमच्याकडं बघितलं, म्हणले, "बसवून आणला?"

बस. आता हे उत्तर झालं का? हा तर अजून एक प्रश्न झाला. माझ्या पँटीला गूळ लागल्ता, तिथल्या फरशीवरून मुंग्या माझ्याकडं यायला लागल्या. दादा आत झाकलेला, अन् मी बाहेर मुंग्या झटकून राह्यलो.

गूळतुला पूर्ण झाली, इचारू नका. काटा बराबर आला. तेराव्याला गोड करायला म्हणून अण्णासाहेबाकडून आमच्या घरी भेली आली. मायनं केल्या पुरणपोळ्या. काय करती, घरात दुसरा गूळ नव्हता.

मंग परत बैठक. अण्णासाहेब उभे राह्यले. म्हणले, बद्रीनं गावाची सेवा करताना जीव दिला, त्याच्या घराला मान द्यायचा. नेटचा दोन नंबर आजपासून बद्रीच्या घराला. टाळ्या. जालन्याहून एक पोरगा लॅपटॉप घेऊन आला, उभ्या उभ्या नंबर बदलून गेला. रामराव तीन नंबरला गेला, त्यानं माझ्याशी बोलणं टाकलं. म्हणतो, मेल्यावर बी माझा नंबर खाल्ला. अन् आम्ही वर गेलो तर मधले सगळे एकेक खाली सरकले. दवाखाना शेपटालाच. तोटी तशीच.

म्या उठून म्हणलं, आमचा नंबर राहू द्या, दवाखान्याला द्या. अण्णासाहेब म्हणले, अरे आदिनाथ, रोज कोणी खांबावरून पडतं का? सिस्टरचं चालूच हाय की थोडं थोडं, तेवढ्यानं कोण...

अन् अडकले. बोट वर, तोंड उघडं. म्या बघत बसलो गोल फिरतंय का.

आता आमच्या घरी नेट वापरणारं कोण? माय, वहिनी अन् मी. तर सिस्टरच टॅब घेऊन आमच्या ओट्यावर येती. तिच्याकडं लाईन अडकती, आमच्याकडं पाण्यासारखी धावती. पेशंट बी इथंच येतात, खोकत, कण्हत. रामराव सुद्धा येऊन गेला, गुडघा दाखवायला. माझ्याशी बोलला न्हाई, डॉक्टरशी बोलला.

परवा सकाळी सिस्टर आली, टॅब ओट्यावर ठेवून हातपाय धुवायला गेली. पेशंट कोणी नव्हतं. म्या टॅब घेतला, लावला. एक बाई डॉक्टर आल्या, दुसऱ्याच. एवढं साफ चित्र, त्यांच्या मागं भिंतीवर पाल व्हती ती दिसली. म्हणल्या, बोला, काय झालं? म्या म्हणलं, माणूस खांबावरून पडलाय, पाय हलत न्हाईत.

त्या म्हणल्या, "त्याला हलवू नका. अजिबात बसवू नका, पडलाय तसाच आडवा राहू द्या, मी गाडीचं बघते. दाखवा मला पेशंट."

एक शब्द तुटला न्हाई. सगळं वाक्य, पुढून मागून, अखंड.

दाखवा म्हणल्या ना, मंग म्या टॅब भिंतीकडं फिरवला. दादाचा फोटो, हार घातलेला. लग्नातला हाय, खुर्चीत बसलेला, ताठ. बाईंचं तोंड उघडं राह्यलं. म्या बारकाईनं बघितलं, गोल फिरून राह्यलं का. न्हाई. मागं भिंतीवर पाल चालत व्हती. लाईन चालूच व्हती, बाईच गप व्हत्या.

टॅब ठेवला. बाजेवर गोधडी टाकली, फोटो भिंतीवरून काढला अन् हळूच, कुठं धक्का लागू न देता, गोधडीवर आडवा ठेवला. वहिनी दारात आली, म्हणली, भावजी, फोटो असा आडवा ठेवतात का कुठं? लोकं काय म्हणतील.

म्या म्हणलं, राहू द्या वहिनी... हलवू नका. तेवढ्यानं कोण मरतं?